धरलेली जागा

१

वाचनालय तपासायला गेलो की मी आधी माठ बघतो. माठात पाणी असेल आणि वर झाकण असेल, तर तिथला ग्रंथपाल वेळेवर येतो. माठ कोरडा असेल तर कपाटांच्या किल्ल्याही सापडत नाहीत. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. नांदेडच्या कॉलेजात इतकी वर्षं ग्रंथालयशास्त्र शिकवून माझं स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच संशोधन आहे.

यंदा मे महिन्यात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावोगावच्या वाचनालयांचं मूल्यमापन निघालं. कर्मचारी किती, जागा किती, सेवा कोणत्या. समिती दोघांची: मी आणि उज्वलाताई. उज्वलाताई ग्रंथालय खात्यातल्या, माझ्याहून लहान, बोलायला मोकळ्या. आम्हाला गाडी मंजूर होती, पण ड्रायव्हरची जागा रिक्त होती. म्हणून आम्ही एसटीनं फिरलो.

"सर, आपलं सगळं काम एका शब्दात मावतं बघा," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "माणसाची जागा भरलीय का, बसायला जागा आहे का, आणि जागेवरचा माणूस जागा आहे का."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन, कारण त्या जरा थांबून माझ्याकडं बघत राहिल्या.

मनस्विनी, माझी बायको, मार्गशीर्षात गेली. तिचं कपाट आवरायचं राहिलं होतं. सुट्टीत आवरतो, असं मी मुलीला आणि मेहुण्यांना सांगून ठेवलं होतं. मग हे काम आलं आणि मी पत्र पुरतं वाचायच्या आधीच हो म्हटलं.

२

एसटीचा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना हे सांगायला नको, पण सांगतो. बस फलाटाला लागायच्या आतच लोक खिडक्यांतून सामान टाकतात. टोपी, पिशवी, कधी पोरगंही. ज्याची वस्तू ज्या सीटवर पडली, ती सीट त्याची. दस्ती टाकणारे सगळ्यांत जास्त. हातरुमालाला आमच्याकडं दस्ती म्हणतात. धरलेली जागा कुणी घेत नाही. दारात मारामारी होईल, पण आत जाऊन दुसऱ्याची दस्ती उचलणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

यात मनस्विनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची दस्ती पुरुषी, मोठी, निळ्या काठाची. बायकांचे फुलाफुलांचे रुमाल वाऱ्यानं भरकटतात आणि भलत्याच्या मांडीवर पडतात, असं तिचं म्हणणं. वजनाला म्हणून एका कोपऱ्यात ती सुपारी बांधायची. "मी पुढं होते. तुम्ही सामान घेऊन सावकाश या, जागा धरते," असं म्हणून ती गर्दीत घुसे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी चढेपर्यंत ही खिडकीशी बसलेली, कोपर बाहेर टेकवलेलं, आणि शेजारच्या सीटवर दस्ती. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर: "आमचे हे येऊन राहिलेत."

खिडकी मात्र तिनं मला कधी दिली नाही.

उज्वलाताई जेवणाच्या डब्याची पिशवी टाकायच्या. त्यांचा नेम वाईट. लातूरच्या स्टँडवर ती पिशवी एका फेट्याच्या गुरुजींच्या डोक्यावर पडली. "बाई, मी रिकामी सीट दिसून राहिलो काय?" असं ते म्हणाले, पण नंतर आमच्या डब्यातली शेंगाचटणी त्यांनी मागून घेतली.

३

चाकूरचं वाचनालय पहिलं. माठ भरलेला. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली अभ्यासिकेत इतकी दाटीनं बसली होती की दोघी-तिघी भिंतीला टेकून उभ्यानंच वाचत होत्या. आणि खिडकीजवळच्या दोन खुर्च्या मोकळ्या. बाहेरच्या खुर्चीवर एक दस्ती घडी घालून ठेवलेली. आतल्या खुर्चीकडं जायचं तर ही ओलांडावी लागली असती, म्हणून तीही तशीच.

मी उभ्या असलेल्या एका मुलीला नाव विचारलं. दीपमाला.

"बाळ, तिथं बस की."

"धरलेली आहे, सर."

"कुणी?"

तिनं खांदे उडवले. "मी इथं यायला लागले तेव्हापासून धरलेलीच आहे."

उज्वलाताईंनी शेरा लिहिला: वाचकांत शिस्त चांगली. मला त्यात वावगं वाटलं नाही. एखादा मुलगा जागा धरून गावाकडं गेला असेल, म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी भोकर. तिथं महिलांसाठी वेगळी खोली आहे, दुपारी चांगली भरते. वर्तमानपत्रांच्या दांड्या, डांबरगोळ्यांचा वास, कुणाच्या तरी पिशवीतल्या कैऱ्यांचा वास. खिडकीशी दोन खुर्च्या. बाहेरच्या खुर्चीवर दस्ती.

या वेळी मी जवळ गेलो. काठ निळा होता. असे काठ बाजारात ढिगानं मिळतात. एका कोपऱ्याला गाठ होती. गाठीत काहीतरी गोल, टणक. लोक गाठीत काय काय बांधतात. औषधाची गोळी असेल, देवाचा अंगारा असेल. मी मनातल्या मनात अशा वस्तू मोजत उभा राहिलो. मग बोट लावून पाहिलं. दस्ती दमट होती, उन्हातून आलेल्या माणसानं नुकताच मानेवरचा घाम टिपावा तशी.

"कुणाची हो ही?" मी तिथल्या ग्रंथपाल बाईंना विचारलं.

"असंल कुणाची. च्याला गेलं असंल माणूस." त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. "सर, तेवढी दुसऱ्या पंख्याची मागणी टाका बघा. हा नुस्ता फिरतो, वारा देत न्हाई."

मी पंख्याची मागणी टाकली. गाठ सोडून पाहिली नाही.

४

शेवटचं वाचनालय हिमायतनगरच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, सिंधुताईंना ते आवडायचं नाही. ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई या तिन्ही जागा त्या एकट्याच भरून होत्या. माठ काठोकाठ भरलेला, वर पितळी झाकण, झाकणावर घासलेला तांब्या. मी आत पाऊल टाकतानाच मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले.

पण अडचण कागदावर होती आणि गावाला ती ठाऊक होती. वाचनकक्ष चालू ठेवायचा तर ठरावीक संख्येनं कायम वाचक लागतात. कायम वाचक म्हणजे ज्याची वाचनकक्षात ठरलेली जागा आहे असा सभासद. संख्या भरली नाही तर कक्षाला कुलूप, खोली ग्रामपंचायतीच्या सामानाला, आणि सिंधुताईंना बाहेरच्या टेबलावर अर्धा दिवस पुस्तकांची देवघेव. त्यांच्याकडं एक वाचक कमी पडत होता.

"कमी न्हाई," सिंधुताई म्हणाल्या. "त्यो बगा. खिडकीजवळ."

वेताच्या दोन खुर्च्या होत्या. बाहेरच्या खुर्चीवर दस्ती.

"ही तर दस्ती आहे, ताई," उज्वलाताई म्हणाल्या.

"मग? माणूस असल्याबिगर दस्ती येती काय?"

"नाव सांगा. लिहून टाकते."

"नाव कसं इचारावं? मी झाडू मारायला येते तवा दस्ती असती. कुलूप लावते तवा बी असती. कवा कवा आतली खुर्ची कुरकुरती. म्हणून मी म्हणते, हाय कुणीतरी वाचणारं. गप बसणारं हाय, पुस्तकं फाडत न्हाई, तमाखू थुकत न्हाई. असा वाचक कुटं घावतो का मॅडम?"

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"मार्गशीर्ष लागल्यापासून."

माठाशेजारी बसून पेपर वाचणारे एक म्हातारे बाबा खोखो हसले. ग्यानोबा त्यांचं नाव. ओठ हलवत, अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं वाचत. "अगं सिंधे, सरायला खरं सांग की. मी बसलो होतो की एकदा तिथं."

"बाबा, तुमी गप ऱ्हावा."

"का गप? सर, मला उजेडाला बरं पडतं म्हणून मी दस्ती उचलली अन् टेकलो. टेकलो न टेकलो, तर खिडकीकडून कानाशी बाईमाणसाचा आवाज. लई अदबीनं बरं का. 'अहो बाबा, आमचे हे येऊन राहिलेत.'"

उज्वलाताई हसता हसता वाकल्या. "मग काय केलं?"

"काय करणार? उठलो. दस्ती होती तशी ठेवली. धरलेली जागा हाय बाई, आपुन कशाला बसावं?"

"आणि ते 'हे'? आले का?" हे विचारणारा आवाज माझाच होता.

"न्हाई अजून." म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली. "सामान लई असंल त्याच्याजवळ. हळू येत असंल."

५

ग्यानोबांना गोष्टी रचायची सवय होती, हे सरळ दिसत होतं. आणि 'येऊन राहिलेत' तर या भागात कुणीही म्हणतं. दस्तीचं म्हणाल तर चाकूर, भोकर आणि हे गाव, तिन्हीकडं एकाच बाजाराचा माल येतो. हे सगळं मी स्वतःला समजावलं. मला ते पटलंही.

सिंधुताईंनी पोहे आणि चहा बाहेर लिंबाखाली मांडला. "सर, या की, गार होईल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज तोच आनंदी होता, पण पदराचं टोक त्या सारखं बोटाला गुंडाळत होत्या. उज्वलाताई मला दारात बाजूला घेऊन हळू म्हणाल्या, "सर, बाई चांगल्या आहेत. पण दस्तीला सभासद कसं करणार? मला नाही म्हणावं लागेल. तुम्ही खोलीचं माप घ्या, तोवर मी कसं सांगायचं ते बघते. दुपारी बायका इथं येऊन बसतात, म्हणे. चुलीपासून लांब अशी गावात ही एकच जागा."

मी एकटा आत आलो. दुपार टळटळीत होती. पंखा फिरत होता, आणि फिरता फिरता मंद होत थांबला. वीज गेली होती. पंखा थांबल्यावर खोलीत किती लहान लहान आवाज असतात ते कळतं. माठ झिरपत होता. छतावर कबुतर चालत होतं.

खोलीचं माप घ्यायला दोन माणसं लागतात. एरवी टेपचं दुसरं टोक उज्वलाताई धरत. मी टेपची कडी खिडकीजवळच्या आतल्या खुर्चीच्या हाताला अडकवली आणि टेप सोडत सोडत दाराकडं निघालो. दस्तीकडं बघितलं नाही. दाराशी पोचलो तेव्हा टेप मध्ये झोळीसारखी लोंबून जमिनीला टेकली होती. कडी निसटेल म्हणून मी ओढली नाही. चौकटीला टेप लावली, आकडा बघायला वाकलो आणि सवयीनं, मागं न बघता म्हणालो, "धरलं का?"

टेप जमिनीवरून उचलली गेली. सरळ झाली. ताणली. आणि मग पलीकडून दोन हलके हिसके बसले, 'वाच आता' म्हणतात तसे.

मी समोर बघत होतो. दारातून लिंब दिसत होता. लिंबाखाली उज्वलाताई बशी फुंकत होत्या. सिंधुताई उभ्या होत्या. ग्यानोबा पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होते. तिघंही बाहेर.

वाऱ्यानं झालं असेल म्हणावं तर लिंबाचं पानही हलत नव्हतं. कडी कुठं अडकली म्हणावं, तर अडकलेली कडी हिसका देत नाही. मी आणखी एखादं कारण शोधत होतो आणि टेप माझ्या हातात तशीच ताठ होती. घाई नाही, ओढाओढ नाही. संसारातल्या किती चादरी आम्ही अशा घडी घातल्या होत्या, दोघं दोन टोकं धरून. मला माहीत होता तो ताण. हाताला माहीत होता.

मी आकडा वाचला. मोठ्यानं वाचला. पलीकडचं टोक सुटलं आणि टेप सरसरत माझ्या पायाशी आली.

तेव्हा मागं वळलो. खिडकीतलं ऊन डोळ्यांत आलं. आतल्या खुर्चीचा वेत खाली दबलेला होता, आणि खिडकीच्या कठड्यावर एक कोपर टेकलेलं होतं. एसटीच्या खिडकीवर टेकवतात तसं, अर्धं बाहेर. दंडावर पोलक्याची बाही. बस. पापणी लवली आणि कठड्यावर नुसतं ऊन राहिलं. वेत मात्र सावकाश, कुरकुर करत वर आला.

बाहेरच्या खुर्चीवर दस्ती होती. मी जवळ गेलो. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण भीतीबरोबर दुसरंही काहीतरी होतं, जे स्टँडवर पिशव्या सांभाळत गर्दीतून चढल्यावर वाटायचं. दस्ती ओली होती. मी तिची घडी नीट केली आणि होती तिथं ठेवली.

६

"सिंधुताई, तुमची संख्या पूर्ण आहे," लिंबाखाली जाऊन मी म्हटलं.

उज्वलाताईंनी बशी खाली ठेवली. "सर?"

"खिडकीजवळचा वाचक. लिहून घ्या."

"अहो, पण नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

मग ग्यानोबा म्हणाले, "बगा! आलं का न्हाई माणूस?"

"सर, तुम्ही नांदेडहून इथं पेपर वाचायला येणार?" उज्वलाताई म्हणाल्या. "आणि तपासणाराच वाचक?"

"मनाई आहे का नियमात?"

त्यांनी आठवून पाहिलं. "नाही. नियम करणाऱ्याच्या डोक्यातच हे आलं नसणार." मग माझ्याकडं जरा निरखून बघत म्हणाल्या, "खरंच येणार का तुम्ही?"

"घरी एक कपाट आवरायचं राहिलंय. तेवढं सामान आवरलं की येतो."

सिंधुताईंनी तोंडाला पदर लावला. मग पदर काढून माझ्या बशीत आणखी एक डाव पोहे वाढले. "आता खावाच लागंल. आमचे सभासद हायसा," म्हणाल्या. मी खाल्ले. पोहे फार चांगले होते, खमंग, वरून कच्चा कांदा. मार्गशीर्षानंतर कशाची चव मला इतकी नीट लागली नव्हती.

बसची वेळ झाली. सगळे फाट्याकडं निघाले. उज्वलाताई आणि सिंधुताई पुढं, ग्यानोबा काठी टेकत मध्ये. टेप आत राहिली म्हणून मी एकटा मागं फिरलो. खोलीत काही नव्हतं. पंखा, माठ, दोन खुर्च्या. टेप उचलली आणि दार ओढून घेताना, आपण कुणाच्याही घरातून निघताना म्हणतो तसं, सवयीनं तोंडातून गेलं,

"येतो."

आतून, खिडकीकडून, उत्तर आलं. घाई नव्हती आवाजात. फलाटावरच्या गोंगाटातही मला ऐकू यावा अशा बेतानं थोडा चढवलेला, हसरा.

"सावकाश या. जागा धरलीय."

मी दार ओढून घेतलं आणि फाट्यावर आलो. बस दिसू लागली होती. सिंधुताई हात हलवत होत्या. उज्वलाताई डब्याची पिशवी घेऊन खिडकीचा नेम धरून उभ्या होत्या, पण बघत होत्या माझ्याकडं.

"सर," त्या म्हणाल्या, "सिंधुताई इथं माझ्याजवळ आहेत. मग आत्ता तुम्हाला जागा धरलीय म्हणून कोण म्हणालं? इथवर ऐकू आलं."

बस धुरळा उडवत थांबली. जवळजवळ रिकामी होती. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हटलं, "चला, चढा तुम्ही पुढं. सामान मी आणतो."